टेन्शन आणि येरवडा यांच्या मधलं

पुण्यात एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायचं असलं की ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणतात. मुंबईकर त्याला ठाण्याला पाठवतात, कोकणातली माणसं रत्नागिरीला, आणि नागपुरात तर एका चौकाचं नावच लोकांच्या तोंडी ‘पागलखाना चौक’ असं बसलं आहे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं या चार गावांत आहेत, चारही इंग्रजी अमदानीतली. शंभराहून जास्त वर्षं त्यांनी माणसं सांभाळली आणि बदल्यात आपण त्यांच्या गावांची शिवी करून टाकली.

दुसऱ्या टोकाला आहे ‘टेन्शन’. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की गॅसचा सिलिंडर आला नाही तरी टेन्शन येतं आणि मुलगी तीन आठवडे अंथरुणातून उठली नाही तरी ‘तिला जरा टेन्शन आहे’. टेन्शनवरचे उपाय घरचे असतात: जास्त विचार करू नकोस, चार दिवस गावाला जाऊन ये, याचं एकदा लग्न लावून टाका. येरवड्यावर उपाय नसतोच, तिथे फक्त लपवालपवी. मानसिक आजारांचा जवळजवळ सगळा पसारा मात्र या दोन टोकांच्या मध्ये पडलेला आहे, आणि तो ठेवायला आपल्या बोलण्यात धड खण नाही. आजार ओळखायला उशीर होतो त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, हे जाता जाता सांगायला हवं, आपल्याकडचे आकडे म्हणून ते सर्रास छापले जातात.) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता, तोही तंबाखूचं व्यसन सोडून. त्यांच्यातले किती उपचारांपर्यंत पोचले नव्हते? आजारानुसार ७० ते ९२ टक्के. याचं नेहमीचं उत्तर म्हणजे डॉक्टरच नाहीत, आणि ते खरंच आहे. देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही. पण ज्या शहरांत गल्लोगल्ली दवाखाने आहेत तिथेही माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या दारात उभी असतात. कारण आपल्याला झालंय ते आजारात मोडतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

डिप्रेशनचंच घ्या. ‘नैराश्य’ हा त्याचा प्रचलित प्रतिशब्द मला कधीच पटला नाही. निराशा सामना हरल्यावर येते, निकाल लागल्यावर येते. ती कशाबद्दल तरी असते. या आजारात बरेचदा ‘कशाबद्दल’ हाच रकाना रिकामा असतो, आणि घरचे नेमका तोच भरायला बसतात. ‘तुला कमी काय आहे?’ हा प्रश्न मराठी घरांत जितक्या वेळा विचारला गेला असेल तितक्या वेळा दुसरा कुठला नसेल. ज्याला विचारतात त्यालाही उत्तर माहीत नसतं. मग त्याला अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटत राहणं हे स्वतःच या आजाराचं एक लक्षण आहे.

शिवाय हा आजार आपल्याकडे बहुतेकदा ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत येतच नाही. तो अंगातून बोलतो. चाळिशीतली बाई दवाखान्यात बसून सांगते: डोकं जड असतं, कंबर धरलीय, अंगात त्राण नाही, जीव घाबरतो, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. डॉक्टर हिमोग्लोबिन बघतात, थायरॉइड बघतात, बी-१२ बघतात. यात चूक काही नाही. थायरॉइड मंदावला किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस अगदी असाच होतो, आणि ते आधी तपासलंच पाहिजे. चूक होते ती रिपोर्ट नॉर्मल आल्यावर. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकून ती बाई बाहेर पडते, जाताना ताकदीची एक सलाइन लावून घेते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या दवाखान्यात जाते. पुरुषांची वाट आणखी वेगळी. रेल्वेलाइनलगतच्या भिंतींवर धातुदौर्बल्याच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्या वाचून तरुण मुलं ज्या दारात जातात तिथे त्यांची भीती उलट पक्की केली जाते. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या तक्रारीला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. धातू जाते म्हणून थकवा येतो असं सांगणाऱ्या कित्येक मुलांच्या मागे डिप्रेशन किंवा चिंतेचा विकार उभा असतो.

मग दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो? वैद्यकाने यासाठी घातलेली रेघ तशी साधी आहे. मन उदास असणं किंवा कशातच गोडी न उरणं, या दोहोंपैकी एक तरी हवं. सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता, हालचालींचा वेग, स्वतःबद्दलची घृणा, मरणाचे विचार अशा गोष्टी धरून नऊपैकी किमान पाच लक्षणं हवीत. ती सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ हवीत, आणि त्यांनी रोजचं काम अडलेलं हवं. याच नऊ लक्षणांवर नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली बेतलेली आहे. तिचे जास्तीत जास्त गुण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवावं, असा संकेत आहे. ती निदान करत नाही, थर्मामीटरसारखी ताप दाखवते.

पण प्रश्नावलीच्याही आधी घरातल्या माणसाला दिसतं. तुलना शेजारच्या मुलाशी करायची नसते, त्या माणसाची त्याच्याच गेल्या वर्षीशी करायची असते. जी आजी रोज फुलपुडीवाल्याशी वाद घालायची ती महिनाभर गप्प आहे. जो मुलगा क्रिकेटचा स्कोअर झोपेतही सांगायचा त्याला सामना चालू आहे हेच माहीत नाही. आजीच्या बाबतीत तर ‘वय झालं, विसरायला लागली’ म्हणून सोडून देतात. म्हातारपणातलं डिप्रेशन स्मृतिभ्रंशाचं सोंग घेतं आणि उपचारांनी ते सोंग उतरतं, हे फार थोड्या घरांना माहीत असतं. बाळंतिणीचंही तसंच. पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं, पण दोन आठवडे उलटून गेल्यावरही ती बाळाकडे परक्यासारखी बघत असेल तर डिंकाच्या लाडवांनी ते भागत नाही.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा समज खोटा आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचीच सुटका वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता बायपोलर. सगळ्यात जास्त चुकणारं निदान म्हणून याच्याकडे बोट दाखवायला मला संकोच वाटत नाही, कारण या आजाराचा अर्धा भाग लोकांना आवडतो.

आमच्या वाड्यात एक काका होते, बँकेत कारकून. दर दोन-तीन वर्षांनी त्यांना उधाण यायचं. पहाटे तीनला उठून सगळ्या वाड्याचा जिना धुऊन काढायचे, पोरांना भेळ खिलवायचे, गणपतीत नाटक बसवायचे, आणि बोलायला लागले की एका विषयातून दुसऱ्यात उडी मारत तासभर थांबायचे नाहीत. पहिले दहा दिवस वाडा खूश असायचा. मग एका वर्षी त्यांनी घरगुती उद्योगासाठी म्हणून तीन शिलाई मशीन आणली, भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून. घरात शिवणकाम कुणालाच येत नव्हतं. पाठोपाठ दार बंद, महिनोन् महिने. ‘काका लहरी आहेत’ हे वाड्याचं निदान होतं आणि ते पंधरा वर्षं टिकलं.

शेवटी त्यांना डॉक्टरांकडे नेलं ते दार बंद असताना. कुणीही त्याच वेळी नेतं; उधाणात असलेल्या माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, उलट बाकीचे मंद वाटतात. डॉक्टरांना समोर दिसला तो खिन्न माणूस, त्यांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. मशीनची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही, कारण ती आजाराची गोष्ट आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. तीन आठवड्यांत काका पुन्हा वर गेले, या वेळी पूर्वीपेक्षा जास्त. बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली, मनाचा तोल राखणारं औषध सोबत दिलं नाही, तर काही जणांचं असं होऊ शकतं. म्हणून खिन्नतेच्या प्रत्येक पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना एक प्रश्न विचारायलाच हवा: याच्या उलटं कधी झालं होतं का?

त्या उलट्याची खूण झोपेत सापडते. निद्रानाशाच्या माणसाला झोप हवी असते, ती लागत नाही, आणि सकाळी तो पिळून निघालेला असतो. उन्मादातला माणूस तीन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. त्याला झोपेची गरजच उरलेली नसते. असं आठवडाभर चाललं, त्यासोबत खर्च, बडबड, भव्य बेत, चिडखोरपणा, नको तिथे धाडस असं सगळं आलं तर तो उन्माद. हेच सौम्य रूपात किमान चार दिवस टिकलं तर सौम्य उन्माद, ज्याला बायकोशिवाय कुणी आजार म्हणणार नाही. सकाळी हसणारा आणि संध्याकाळी रुसणारा माणूस यात बसत नाही. ‘मी जरा बायपोलरच आहे’ असं कॉलेजच्या कट्ट्यावर हल्ली सहज म्हणतात. त्यांना मूड म्हणायचं असतं. इथल्या भरती-ओहोटी तासांच्या नसतात, आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या असतात.

जर्मनीत एमिल क्रेपलिनने १८९९ मध्ये ही दोन टोकं एकाच आजाराची आहेत असं मांडलं. ‘बायपोलर’ हे नाव रूढ व्हायला १९८० उजाडलं. आजार बहुधा विशी-पंचविशीत डोकं वर काढतो, नेमका शिक्षण आणि नोकरीच्या धामधुमीत, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण आई किंवा वडिलांना असला तरी दहांपैकी सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. स्थळं बघताना हा दुसरा भाग कुणी सांगत नाही.

त्याच्यावरचं औषध एक क्षार आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने १९४९ मध्ये लिथियम आधी गिनीपिगना टोचून पाहिलं, मग उन्मादाच्या रुग्णांना दिलं. आजही ते या आजारावरचं एक मुख्य औषध आहे. त्याची रक्तातली मात्रा कमी पडली तर उपयोग नाही आणि थोडी वाढली तर विष. म्हणून रक्त, मूत्रपिंड आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासत राहावं लागतं. आणि गंमत बघा, त्याच १९४९ साली मुंबईत डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा प्रयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. सर्पगंधा आपल्या वैद्यांकडे वेडावरचं औषध म्हणून पूर्वीपासून होती. तिच्यातून रेझरपीन वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. मग लक्षात आलं की ते घेणारे काही जण खिन्न होतात. उलट अमेरिकेत क्षयावरचं इप्रोनियाझिड घेणारे रुग्ण १९५२ मध्ये वॉर्डात अचानक उत्साही दिसू लागले. एक औषध मन खाली नेतं, दुसरं वर, आणि दोन्ही मेंदूतल्या त्याच रसायनांशी खेळतात. डिप्रेशनचं रासायनिक स्पष्टीकरण उभं राहिलं ते यातून.

ते स्पष्टीकरण पुढे फारच सोपं करून विकलं गेलं. ‘सेरोटोनिन कमी झालंय, गोळीने भरून निघेल’ हे वाक्य दवाखान्यात सोयीचं असलं तरी पुराव्यावर तसं उभं राहत नाही. म्हणून गोळ्या खोट्या ठरत नाहीत. मध्यम आणि तीव्र डिप्रेशनमध्ये त्या उपयोगी पडतात, फक्त पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणारे साधारण तिघांत एक असतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. आपल्याकडे गोंधळ इथेच होतो. पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून आणि दुसऱ्या महिन्यात ‘आता बरं आहे’ म्हणून त्या बंद होतात, आणि मधल्या काळात मामा सांगून जातात की या गोळ्यांची सवय लागते. नेहमीच्या डिप्रेशनच्या औषधांचं व्यसन लागत नाही, ती एकदम मात्र सोडायची नसतात. सवयीचं म्हणावं तर ते झोपेच्या गोळ्यांबद्दल, आणि त्या लोक केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय मागतात.

बाकीच्या आजारांपैकी एकासाठी मराठीकडे तयार शब्द आहे: मंत्रचळ. हात पुन्हा पुन्हा धुणं, कडी दहादा तपासणं, नको तो विचार मनातून न हटणं, हे सगळं त्यात येतं, आणि आजच्या ओसीडीला तो शब्द चांगला बसतो. पण ज्या घरात सोवळंओवळं कडक त्या घरात मंत्रचळ लपतोही छान. तीन-तीन तास चालणाऱ्या आंघोळीला ‘आमच्या आईचं सोवळं फार’ असं कौतुकाने म्हटलं जातं. भक्ती आणि आजार यांतला फरक त्या बाईलाच विचारावा: थांबावंसं वाटतं आणि थांबता येत नाही, असं ती सांगते. चिंतेच्या विकारांचं फारसं वेगळं सांगायला नको. छातीत धडधडून रात्री दोनला हॉस्पिटल गाठणारे आणि ईसीजी नॉर्मल निघाल्यावर ओशाळे होणारे लोक प्रत्येकाच्या ओळखीत असतात.

स्किझोफ्रेनियाला ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ म्हणणं बंद व्हायला हवं. एका माणसात दोन माणसं राहतात असं त्यात काही नसतं. कानात आवाज येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय असं ठाम वाटणं, आणि त्याहून चिवट म्हणजे हळूहळू सगळ्यातून मन काढून घेणं, असा तो आजार आहे. शंभरात जवळपास एकाला आयुष्यात कधीतरी होणारा. मराठीत तो घराघरांत पोचवला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने, २००४ मध्ये. याच जोडीच्या ‘कासव’ला, ज्याच्या मध्यभागी डिप्रेशनमधला मुलगा आहे, पुढे सुवर्णकमळ मिळालं. खेड्यात आजही पहिली फेरी देवऋषाकडे असते. ‘बाहेरचं’ आहे म्हटलं की घरच्यांची एक सोय होते: दोष कुणाचाच नाही, आजार कुणाचाच नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, साखळीने बांधणं हा गुन्हा ठरवला. साखळीचं टोक कुठे जातं हे २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसलं होतं; दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमाला आग लागली आणि बांधलेली २८ माणसं जागची हलू शकली नाहीत.

डॉक्टर पुरेसे नाहीत, तर ओळखायचं कुणी? याचं सगळ्यात भरवशाचं उत्तर गोव्यातून आणि विदर्भातून आलं आहे. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने स्थानिक, साधं शिकलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन आरोग्यकेंद्रांत बसवलं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत याचा स्पष्ट फायदा झाला, खासगी दवाखान्यांत तितका फरक दिसला नाही. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलत. दीडेक वर्षात डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांवर बोलताना आपण कर्ज आणि कापसाचा भाव यांच्यावर थांबतो, आणि ती कारणं खरी आहेतच. पण कर्ज सारखंच असलेल्या दोन घरांपैकी एका घरातला माणूस रात्री जागा असतो हे बघणारं कुणीतरी लागतं, आणि ते तालुक्याच्या गावाहून येत नाही.

कायदा आपल्या मानाने पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी केली, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला लावलं आणि विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला सांगितलं. विम्याचं कलम कागदावर देखणं आहे. पण बहुतेक पॉलिसी दाखल होण्याचा खर्च देतात, आणि या आजारांचा खर्च होतो तो महिन्याच्या गोळ्यांवर आणि तासाच्या समुपदेशनावर.

काकांना लिथियम सुरू झालं ते त्यांच्या पन्नाशीत. काकूंना डॉक्टरांनी एक काम दिलं होतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, त्या रोज पेन्सिलने एक आकडा लिहायच्या: सहा, साडेसहा, सात. आम्हा पोरांना वाटायचं हा लिटरचा हिशेब. सलग तीन दिवस चार किंवा त्याहून कमी आला की काकू पदराला हात पुसत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन करायला जायच्या, आणि जाताना काकांच्या पाकिटातलं चेकबुक काढून पिठाच्या डब्यामागे ठेवायच्या.